रस्त्यात की रस्त्याकडेला?

२२ डिसेंबर २०१६ रोजी फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातल्या तुरूव्र-ओ-पेर्श या लहानशा गावी एका रस्त्याचं उद्घाटन झालं. रस्ता अवघा एक किलोमीटर लांब, गावाबाहेरचा साधा जिल्हा मार्ग. पण उद्घाटनाला फ्रान्सच्या पर्यावरणमंत्री सेगोलेन रोयाल जातीने हजर होत्या, कारण या रस्त्याच्या डांबरावर २,८०० चौरस मीटर सौर पॅनेल्स चिकटवलेली होती. कोलास या बड्या रस्तेबांधणी कंपनीने ती बनवली होती. खर्च आला ५० लाख युरो. त्याच वर्षीच्या जानेवारीत रोयालबाईंनी पाच वर्षांत असे १,००० किलोमीटर रस्ते करण्याचा मनोदय जाहीर केला होता.

या एका किलोमीटरकडून वर्षाला २,८०,००० युनिट विजेची अपेक्षा होती. (आपलं भारतातलं 'युनिट' म्हणजेच इथल्या बिलावरचा किलोवॅट-अवर, मी युनिटच म्हणणार आहे.) २०१७ साली मिळाली सुमारे १,५०,००० युनिट. २०१८ साली ७८,०००. २०१९ च्या जुलैअखेरपर्यंत ३८,००० सुद्धा नाही. मधल्या काळात शंभरेक मीटरचा तुकडा इतका खराब झाला की तो उखडून टाकावा लागला. पॅनेल्सवरून गाड्या जाताना आवाज इतका होई की वेगमर्यादा ताशी ७० किलोमीटरवर आणली. शरद ऋतूत दुतर्फा झाडांची पानं रस्त्यावर पडत, ती गाड्यांखाली चिरडून काचेवर त्यांचा लगदा बसे. सौर पॅनेलवर पाचोळा पडतो हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही, पण ते कागदावरच्या हिशेबात बसवायचं राहून जातं खरं.

मंडळी, या फ्रेंच रस्त्याची आठवण आत्ता काढण्याचं कारण आपल्या घरचं आहे. आमच्या मंडळाच्या वास्तूसमोरचं पार्किंग पुन्हा करायला झालं आहे. डांबराला भेगा पडल्यात आणि पावसात मधोमध तळं साचतं. बिल्डिंग कमिटीच्या बैठकीत एका तरुण सभासदाने सूचना मांडली: नुसतं डांबर कशाला? सौर फरशा बसवू, त्यात दिवे असतील, पार्किंगचे पट्टे हवे तसे बदलता येतील, विजेचं बिलही कमी होईल. ही मुलगी आमच्याच मराठी शाळेत बाराखडी शिकली, आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. "कुणीतरी पहिलं व्हायलाच हवं ना?" असं ती म्हणाली, तेव्हा कमिटीतल्या निम्म्या माना डोलल्या. उरलेल्या निम्म्या माझ्याकडे वळल्या, "तुम्ही डॉक्टर ना, सांगा." मी डॉक्टर आहे तो कंट्रोल सिस्टिम्सचा, पोट भरतो सॉफ्टवेअर लिहून. पण वास्तुनिधी कसा जमला हे मी पाहिलं आहे. दिवाळीच्या फराळाचे स्टॉल्स, नाटकांची तिकिटं, निवृत्त मंडळींनी न बोलता दिलेले चेक. तेव्हा प्रश्न गांभीर्याने घ्यायला हवा, म्हणून हा इतिहास.

रस्त्याला 'शहाणा' करण्याचं स्वप्न अमेरिकेत बरंच जुनं आहे. १९३९ साली न्यूयॉर्कच्या फ्लशिंगमध्ये जागतिक प्रदर्शन भरलं. (फ्लशिंग म्हटलं की आपल्याला गणपतीचं देऊळ आठवतं, पण ते पुष्कळ नंतरचं.) तिथे जनरल मोटर्सने 'फ्युचरामा' नावाचा देखावा उभारला होता. नॉर्मन बेल गेडिस या डिझायनरने १९६० सालची अमेरिका कल्पून तिचं प्रचंड मॉडेल केलं होतं. त्यातले हायवे गाड्यांना आपोआप अंतर राखून चालवणार होते. १९५७ मध्ये नेब्रास्कातल्या लिंकनजवळ आरसीए कंपनीने ४०० फूट रस्त्यात तारा पुरून अशी गाडी खरोखर चालवून दाखवली. चारशे फूट म्हणजे एखाद्या लग्नाच्या वरातीइतकं अंतर, पण सुरुवात झाली.

पुढे १९९१ मध्ये काँग्रेसने वाहतुकीचा एक मोठा कायदा केला. त्यात १९९७ पर्यंत स्वयंचलित हायवेचा नमुना तयार करावा असं कलम होतं. त्यानुसार ऑगस्ट १९९७ मध्ये सॅन डिएगोजवळ आय-१५ वर साडेसात मैलांच्या पट्ट्यात प्रात्यक्षिक झालं. रस्त्यात दर चार फुटांवर लोहचुंबक पुरले होते. त्यांच्या आधाराने आठ ब्युइक गाड्या एकमेकींत जेमतेम साडेसहा मीटर अंतर ठेवून हायवेच्या वेगाने एका माळेत धावल्या, चालकांचे हात मोकळे. माझ्या पीएच.डी.च्या वेळी या माळेचं गणित मी पुष्कळ गिरवलं आहे. पहिल्या गाडीने किंचित ब्रेक लावला तर तो धक्का आठव्या गाडीपर्यंत वाढत जातो की विरत जातो, हा मोठा सुंदर प्रश्न आहे.

पण त्याच दिवसांत, त्याच रस्त्यावर कार्नेगी मेलनच्या चमूने आपल्या गाड्या चुंबकांकडे ढुंकूनही न बघता, कॅमेऱ्याने पट्टे ओळखत चालवल्या. तेव्हा ते जरा आगाऊपणाचं वाटलं असेल. पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, केंद्र सरकारने स्वयंचलित हायवेच्या कार्यक्रमातून अंग काढून घेतलं. आज ज्या गाड्या स्वतःच्या स्वतः चालतात त्या कॅमेरे, रडार आणि लेझरवर चालतात. बुद्धी गाडीत गेली, रस्ता होता तसाच राहिला. याचं कारण आमच्या धंद्यातल्या कोणालाही चटकन कळेल. गाडी दहा-बारा वर्षांनी बदलते, तिचं सॉफ्टवेअर रात्रीत बदलता येतं. रस्त्यात पुरलेली वस्तू बदलायची तर लेन बंद करा, नारिंगी शंकू मांडा, खणा, भरा, आणि हे हजारो मैल करा. शिवाय एका राज्याने चुंबक पुरले आणि शेजारच्याने नाही पुरले, तर सीमेवर गाडीने करायचं काय?

'शहाण्या' रस्त्याची ही गोष्ट 'सौर' रस्त्याआधी सांगितली ती मुद्दाम. दोन्ही कल्पनांचा सांधा एकच आहे. जे काम रस्त्याबाहेर राहून होतं, ते रस्त्याच्या पोटात घालायचं.

आता सूर्याकडे वळू. सिलिकॉनचा उपयोगी सौर सेल १९५४ मध्ये बेल लॅब्जमध्ये जन्मला. चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या त्रयीचा तो सेल अंगावर पडलेल्या उन्हातली सहा टक्के शक्ती विजेत बदलायचा. बराच काळ तो उपग्रहांपुरताच परवडत होता. रस्त्याशी त्याची पहिली सोयरीक झाली ती स्वित्झर्लंडमध्ये, १९८९ साली. कूर शहराजवळ ए-१३ महामार्गाच्या आवाज अडवणाऱ्या भिंतीवर १०० किलोवॅटची पॅनेल्स बसवली. अमेरिकेत ओरेगन राज्याच्या वाहतूक खात्याने २००८ च्या डिसेंबरात पोर्टलंडच्या दक्षिणेला, आय-५ आणि आय-२०५ मिळतात त्या चौफुल्याच्या मोकळ्या उतारावर ५९४ पॅनेल्स लावली, १०४ किलोवॅटची. दोन्हीकडे पॅनेल्स रस्त्याच्या कडेला होती, चाकाखाली नव्हती. या प्रकल्पांचे व्हिडिओ कोणी कोणाला पाठवले नाहीत.

गाजलं ते दुसरंच. आयडाहोतल्या सँडपॉइंट गावचं स्कॉट आणि ज्युली ब्रुसॉ हे दांपत्य रस्ताच पॅनेलचा करायचा म्हणत होतं. षटकोनी काचेच्या फरशा, आत सौर सेल, दिवे, आणि बर्फ वितळवणारी तापतार. केंद्रीय महामार्ग प्रशासनाने त्यांना २००९ मध्ये १ लाख आणि २०११ मध्ये साडेसात लाख डॉलर्स संशोधनासाठी दिले. २०१४ मध्ये त्यांच्या व्हिडिओने धुमाकूळ घातला आणि लोकवर्गणीतून २२ लाख डॉलर्स जमले. आपल्यापैकीही काहींनी त्यात हौसेने पैसे घातले. २०१६ मध्ये सँडपॉइंटच्या चौकात ३० फरशा बसल्या. एका मोठ्या दिवाणखान्याच्या गालिच्याएवढी जागा, सुमारे दीडशे चौरस फूट.

ब्रुसॉ यांनी सुरुवातीला १२ फूट बाय १२ फूट पॅनेलची किंमत १०,००० डॉलर्स असावी असं लक्ष्य ठेवलं होतं, आणि अमेरिकेतले सगळे पक्के रस्ते, पार्किंग वगैरे मिळून ३१,००० चौरस मैलांवर जागा धरली होती. एका चौरस मैलात १,९३,६०० पॅनेल्स बसतात. गुणाकार करून पाहा, खर्च येतो सुमारे ६० लाख कोटी डॉलर्स. २०१४ साली अमेरिकेचं अख्खं राष्ट्रीय उत्पन्न साडेसतरा लाख कोटींच्या घरात होतं. म्हणजे साडेतीन वर्षं साऱ्या देशाने काही खायचं नाही, प्यायचं नाही, फक्त फरशा बसवायच्या!

असा गुणाकार करून हसणं सोपं आहे, आणि तेवढ्यावर थांबणं अन्यायाचं होईल. कुठलीही नवी वस्तू आधी महागच असते. १९७७ मध्ये सिलिकॉन सेल वॅटमागे ७६ डॉलर्सना पडत होता, आज पॅनेल वॅटमागे काही सेंटांना मिळतं. मग सौर फरशीही उद्या स्वस्त होईल की! आमच्या तरुण सभासदाचा मुद्दा हाच होता आणि तो बिनतोड वाटतो. पण खरी मेख इथेच आहे, म्हणून थोडं खोलात जाऊ.

१९५८ ते १९६० या काळात इलिनॉयमधल्या ऑटवा गावाजवळ (कॅनडातल्या वाचकांनी हुरळून जाऊ नये, हे दुसरं) सरकारने मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर सैनिकांकरवी दोन वर्षं ट्रक फिरवले. कुठला रस्ता किती फेऱ्यांत खचतो हे मोजलं. त्यातून निघालेला नियम आजही रस्त्यांचे इंजिनिअर वापरतात. रस्त्याची झीज आसावरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. आपल्या मोटारीच्या एका आसावर २,००० पौंड वजन धरा, ट्रकच्या आसावर १८,०००. वजन नऊपट, पण नुकसान नऊचा चौथा घात, म्हणजे ६,५६१ पट. एक ट्रक गेला की हजारो मोटारी गेल्यासारख्या. डांबर हे सोसतं कारण ते लवचिक आहे, दबतं, पुन्हा वर येतं, आणि फाटलं तर वरून थर चढवता येतो. काच दबत नाही. तिला ट्रकखाली टिकवायचं तर जाड करावी लागते, घसरू नये म्हणून खडबडीत करावी लागते, खाली काँक्रीटची पक्की बैठक लागते, सांध्यांतून पाणी जाऊ नये म्हणून वेगळी योजना लागते. हे सारं खर्चिक आहे, आणि सिलिकॉन स्वस्त झालं म्हणून यातलं काहीही स्वस्त होत नाही.

उलट होतं. पॅनेल जितकं स्वस्त, तितकं ते छपरावर किंवा माळावर मांडणं स्वस्त. रस्त्यातल्या पॅनेलचा मोठा खर्च चिलखताचा आणि मजुरीचा, तो आहे तिथेच राहतो. म्हणजे सौर वीज जसजशी स्वस्त होते, तसतसा सौर रस्ता छपराच्या तुलनेत अधिकाधिक महाग ठरतो. २०१६ मध्ये नॉर्मंडीत वॅटमागे सुमारे १२ युरो पडले, तेव्हा मोठ्या छपरांवर तेच काम दीड-दोन युरोंत होत होतं. हे अंतर काळाबरोबर मिटणारं नाही.

आणि महाग पडून मिळतं काय? रस्ता आडवा असतो, त्याला सूर्याकडे कलंडवता येत नाही. तिथेच दहा-पंधरा टक्के गेले. छपरावरच्या पॅनेलखालून वारा खेळतो, रस्त्यातलं पॅनेल तापून निघतं, आणि प्रत्येक अंश सेल्सिअसला सेलची शक्ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास घसरते. जाड काच, वर धूळ आणि टायरचा रबर. शिवाय सावली. सेल एकामागे एक ओवलेले असतात, दिवाळीच्या जुन्या माळेसारखे. एक बल्ब गेला की सगळी माळ अंधारात, हे आपण लहानपणी गॅलरीत उभं राहून अनुभवलं आहे. आता माळेला पर्यायी वाटा देतात, तरी एका गाडीची सावली स्वतःच्या आकारापेक्षा बरंच जास्त नुकसान करते. पार्किंगमध्ये तर गाड्या उभ्या राहण्यासाठीच येतात!

बर्फाचंही बघू, कारण शिकागो-टोरांटोकडच्या वाचकांना तीच आशा जास्त भुलवते. दहा सेंटिमीटर ताजा बर्फ म्हणजे चौरस मीटरवर दहा किलो. तो नुसता वितळवायला जवळजवळ एक युनिट लागतं. उत्तरेत जानेवारीच्या दिवशी आडव्या चौरस मीटरवर दोन युनिटांएवढं ऊन पडतं, त्यातून असल्या फरशीला मिळणार पाव युनिट. म्हणजे एका दिवसाचा बर्फ काढायला चार दिवसांची कमाई, आणि बर्फाखाली असताना कमाई शून्य. वीज मग बाहेरूनच आणायची.

नॉर्मंडीचा ताळेबंद आता मांडता येईल. युनिटला दहा सेंट भाव धरला, तर अपेक्षेप्रमाणे वीज मिळाली असती तरी ५० लाख युरो सुटायला १७८ वर्षं लागली असती. २०१७ च्या प्रत्यक्ष उत्पादनावर ३३३ वर्षं, २०१८ च्या उत्पादनावर सहाशेच्या वर. यात दुरुस्ती धरलेली नाही.

इतरांचे अनुभव थोडक्यात. हॉलंडमध्ये क्रोमेनी गावी नोव्हेंबर २०१४ मध्ये ७० मीटरचा सौर सायकलमार्ग झाला. सायकली हलक्या, त्यामुळे ही निवड शहाणपणाची. पहिल्या वर्षी ९,८०० युनिट मिळाली, ठरवल्यापेक्षा जास्तच. पण पहिल्याच हिवाळ्यात तापमानाच्या चढउताराने वरचा लेप एके ठिकाणी सुटला. चीनमध्ये जिनान शहरात २८ डिसेंबर २०१७ रोजी एक किलोमीटर सौर महामार्ग उघडला, आणि पाच दिवसांत त्यातला सुमारे दोन मीटरचा तुकडा कोणीतरी उखडून नेला. गटारांची झाकणं चोरीला जाणाऱ्या देशातून आलेल्या आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

आता आमच्या जॉर्जियाकडे येतो, कारण हा सगळा वाद इथे एकाच रस्त्यावर बघायला मिळतो. अटलांटाहून आय-८५ ने अलाबामाकडे निघालं की सीमेअलीकडचा १८ मैलांचा पट्टा 'द रे' या नावाने ओळखला जातो. लग्रेंजचे गालिचा-उद्योजक रे अँडरसन यांच्या स्मरणार्थ हे नाव दिलं, आणि रस्त्यांवरच्या नव्या कल्पनांची प्रयोगशाळा म्हणून हा पट्टा राखला. डिसेंबर २०१६ मध्ये वेस्ट पॉइंटच्या स्वागत केंद्रापाशी नॉर्मंडीतलीच ती कोलासची पॅनेल्स बसवली, ५० चौरस मीटर. २०२० मध्ये अटलांटाच्या उपनगरात, पीचट्री कॉर्नर्सला, आणखी एक तुकडा रस्त्यात घातला. त्यापासून वर्षाला अपेक्षित वीज १,३०० युनिटांच्या आसपास, ती गाड्या चार्ज करायला. अमेरिकेतलं सरासरी घर वर्षाला साडेदहा हजारांच्या आसपास युनिट वापरतं, म्हणजे दीड महिन्याची सोय.

आणि त्याच २०२० मध्ये, त्याच आय-८५ वर, लग्रेंजच्या एक्झिट १४ च्या मोकळ्या जागेत राज्याचं वाहतूक खातं, जॉर्जिया पॉवर आणि 'द रे' यांनी मिळून सुमारे २,६०० पॅनेल्स जमिनीवर उभी केली. क्षमता १ मेगावॅट. खाली गवत कापत बसण्याऐवजी मधमाश्यांसाठी रानफुलं लावली. आमच्याकडच्या उन्हात १ मेगावॅटमधून ढोबळ हिशेबाने वर्षाला १४ लाख युनिट निघतात. मी त्या वळणावरून बरेचदा गेलो आहे. मुलांना मुद्दाम दाखवावं लागतं, नाहीतर कळतही नाही.

म्हणजे सौर रस्त्यावरचा पैसा पाण्यात गेला का? सरकारच्या संशोधन निधीतून दिलेले साडेआठ लाख डॉलर्स मला गैर वाटत नाहीत. एक कल्पना तपासण्याची ती किरकोळ किंमत आहे, आणि संशोधन म्हटलं की नकारार्थी उत्तरही उत्तरच असतं. जिथे वीज नाही अशा आडवळणी एखादा कॅमेरा किंवा दिवा चालवायला चार-सहा मीटर सौर फरसबंदी उपयोगी पडेलही. "कुणीतरी पहिलं व्हायला हवं" हे आमच्या सभासदाचं म्हणणं मला मनापासून आवडतं. पण पहिलं कोणी व्हायचं ते झालेलं आहे. तुरूव्र, क्रोमेनी, सँडपॉइंट, जिनान इथे ते झालं, आणि त्यांनी आकडे आपल्यासमोर ठेवले आहेत. प्रयोगशाळेला अपयशासाठी पैसे ठेवता येतात. वास्तुनिधीत तसलं खातं नाही.

शहाण्या रस्त्याचंही तेच. अलीकडे मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवरून गेलेल्यांना ठाऊक असेल, २०२४ पासून तिथे वेग आणि लेन पकडणारे कॅमेरे आहेत, आणि दंडाचा मेसेज थेट मोबाईलवर येतो. (भाऊजींच्या गाडीने गेलात तर त्यांच्या मोबाईलवर, पुढचं घरोघरी वेगळं.) ही सारी हुशारी कमानींवर आणि खांबांवर टांगलेली आहे. कॅमेरा बिघडला तर शिडी लावून बदलता येतो.

आता पार्किंगचं. कमिटीला मी लेखी दिलं आहे ते असं. डांबर साधंच करावं, पाण्याचा उतार मात्र नीट काढावा, तळ्याचं मूळ तिथे आहे. वीज हवी असेल तर पहिला मान वास्तूच्या छपराचा. ते किती वजन पेलेल हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आधी तपासून घ्यावं. छप्पर पुरलं नाही तर गाड्यांवर सौर मांडव घालावा. लोखंडामुळे तो छपरापेक्षा महाग पडतो, पण जुलैत आमच्याकडे सावलीलाही किंमत आहे. मांडव यंदा परवडणार नाही. म्हणून डांबर घालण्यापूर्वी त्याच्या खांबांच्या जागा आखाव्यात आणि खालून रिकामे प्लॅस्टिकचे पाइप टाकून ठेवावेत, पुढे तारा ओवायला आणि गाड्या चार्ज करायला. आम्ही डोंबिवलीत वाढलो. आधी डांबर पडणार, आठवड्याने वीज मंडळवाले खणणार, त्यांनी बुजवलं की टेलिफोनवाले, हा क्रम आम्हाला पाठ आहे. पाइपांचा आराखडा त्या मुलीनेच करायला घेतला आहे. किती इंची पाइप लागतील यावर आमचे अजून मतभेद आहेत. ती चार म्हणते, मी तीन म्हणतो.